दुसरी वंशावळ : आईकडून आलेला आजार आणि नॅन्सी वेक्सलर

पूर्णाकाठ, परभणी

२०२३ च्या दिवाळीआधी आमच्या गावात घरोघरी वंशावळ लिहायचं काम चाललं होतं. मराठवाड्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. निजामकाळच्या नोंदी, कुणबी दाखला, तलाठ्याकडं हेलपाटे. माझा भाऊही पोराच्या दाखल्यासाठी कागद घेऊन बसला होता. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, तो आणि त्याचा मुलगा. सहा नावं, एकाखाली एक, बाणानं जोडलेली. चहा ठेवताना मी कागद पाहिला आणि विचारलं, "यात आई कुठंय?" तो म्हणाला, "ताई, दाखल्याला बापाकडचंच लागतंय." बरोबरच होतं त्याचं. पण मला त्या रात्री झोप आली नाही. आमच्या घरात वारशानं जे आलं ते आईकडून आलं, आणि त्याची वंशावळ कुणीच कधी लिहिली नव्हती.

आईच्या हातून आधी भांडी निसटायला लागली. मग बोटं हलायला लागली. मांडीवर हात ठेवून बसली की बोटं पेटी वाजवल्यासारखी आपोआप उठायची, पडायची. खांदा उडायचा. चालताना पाऊल भलतीकडंच पडायचं. स्वभाव तर त्याच्याही आधी बदलला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जन्मात कुणाला उलटून न बोललेली बाई, ती शेजारणीवर संशय घ्यायला लागली, जेवणाचं ताट भिरकवायला लागली. आणि एकदा आठवडी बाजारात एका दुकानदारानं चारचौघांत विचारलं, "मावशे, सकाळी सकाळीच घेतलीस व्हय?" माझी आई माळकरी होती. घेतलेले कांदे तिथंच टाकून ती घरी आली आणि परत कधी बाजाराला गेली नाही.

२००९ साली तिला संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी स्वतःची दोन बोटं तिच्या मुठीत दिली आणि घट्ट धरायला सांगितलं. मूठ आवळायची, सैल व्हायची, आवळायची, सैल व्हायची. मला वाटलं सवयीनं होत असेल, तिनं चाळीस वर्षं म्हशीच्या धारा काढल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, या खुणेला धार काढणाऱ्याची पकड असंच नाव आहे. मग जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली. तीन मोजायच्या आत जीभ परत आत.

मग त्यांनी विचारलं, "माहेरी कुणाला असं होतं का?"

मी म्हणाले, नाही.

धडधडीत खोटं बोलले मी. माझ्या आजोबांना गावात 'हलते अण्णा' म्हणायचे. थोरला मामा पंचेचाळिशीत विहिरीत सापडला होता. पण त्याच महिन्यात मामेबहिणीची सुपारी फुटायची होती आणि मामींनी निघताना मला शपथ घातली होती. रक्त तपासल्यावर आजाराचं नाव कळलंच, हंटिंग्टन. पण माझ्या 'नाही'मुळे डॉक्टरांनी माहेरच्या माणसांना बोलावलं नाही. धाकट्या मामाला त्यानंतर सहा वर्षं बाहेरची बाधा म्हणून फिरवलं. उतारे, अंगारे, नवस. एका ठिकाणी त्याला पायात साखळी घालून खांबाला बांधलं होतं. मी ते बघून आले आणि तरीही गप्प राहिले. ही चूक माझी आहे, म्हणून हा धागा.

या आजाराबद्दल वाचता वाचता मला नॅन्सी वेक्सलर ही अमेरिकी संशोधक सापडली. जन्म १९४५, शिक्षण मानसशास्त्राचं, जनुकशास्त्राचं नाही. तिची आई लिओनोर. लिओनोरचे वडील आणि तिन्ही भाऊ याच आजारानं गेले. १९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये लिओनोर सकाळी कोर्टात ज्यूरीच्या कामाला निघाली होती. रस्ता ओलांडताना एका पोलिसानं तिला हटकलं, इतक्या सकाळी दारू पिऊन फिरायला लाज वाटत नाही का? हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. लॉस एंजेलिस कुठं आणि आमचा बाजार कुठं, पण दोघींना विचारलेला प्रश्न एकच.

नॅन्सीच्या वडिलांनी दोन्ही मुलींना बसवून सांगितलं की तुम्हा प्रत्येकीला हा आजार होण्याची शक्यता निम्मी आहे. त्याच वर्षी त्यांनी आनुवंशिक आजारांवर संशोधनासाठी संस्था उभारली. नॅन्सीनं पुढं सगळं आयुष्य त्यात घातलं. व्हेनेझुएलात माराकाइबो नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या काठच्या कोळी वस्त्यांमध्ये हा आजार घरटी होता. अमेरिको नेग्रेते नावाच्या तिथल्याच डॉक्टरनं १९५० च्या दशकात तो ओळखला होता. लोक त्याला नुसतं 'एल माल' म्हणायचे, म्हणजे वाईट. आपल्याकडं 'बाहेरचं' म्हणतात तसंच. नॅन्सीचा गट १९७९ पासून तिथं वर्षानुवर्षं जात राहिला. पाण्यात खांबांवर उभ्या घरांत बसून कोण कुणाची लेक, कुणाचा नातू, कोण हलत होतं, कोण बुडून मेलं, हे विचारत राहिला. दहा पिढ्या आणि १८,००० च्या वर माणसं, एवढी मोठी वंशावळ झाली. ४,००० च्या वर रक्ताचे नमुने.

पण लोक रक्त द्यायला आधी तयार नव्हते. का द्यावं? फिदेला गोमेझ नावाची एक नर्स गटात होती. तिनं नॅन्सीचा हात धरला आणि सगळ्यांमधून फिरवला. नॅन्सीनं स्वतःच्या कातडीचा तुकडा तपासणीसाठी दिला होता, त्याचा व्रण दंडावर होता. हिची आईही याच आजारानं गेली, हिलाही तोच धोका आहे, हा बघा व्रण. मग लोक पुढं आले.

त्या रक्तातूनच १९८३ साली जेम्स गुसेला यांच्या गटाला दोष कुठं आहे त्याचा माग लागला, चौथ्या गुणसूत्रावर. नेमकं जनुक हाती यायला पुढं दहा वर्षं लागली. १९९३ मध्ये सहा प्रयोगशाळांनी मिळून ते शोधलं.

शाळेत शिकवते म्हणून माझ्या भाषेत सांगते. पाटीवर मुलाला 'कमळ कमळ कमळ' गिरवायला सांगा. मूल मोजणं विसरतं आणि लिहीतच राहतं. या जनुकात सीएजी हा तीन अक्षरांचा शब्द असाच ओळीनं येतो. २६ पर्यंत असला तर काही नाही. ४० किंवा त्याहून जास्त असला तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा होणार नाही. आकडा जितका मोठा तितका आजार सहसा लवकर येतो. आणि एका पिढीतून दुसरीत उतरताना, विशेषतः बापाकडून येताना, तो वाढू शकतो. आईचा आकडा ४४ होता.

नॅन्सीनं लोकांसाठी तपासणीचा रस्ता खुला केला, स्वतःबद्दल मात्र अनेक वर्षं काही सांगितलं नाही. २०२० मध्ये तिनं जाहीर केलं की हा आजार आपल्यालाही आहे.

आई गेल्यावर मी तिच्या माहेरची वंशावळ लिहायला घेतली. कालनिर्णयच्या पाठकोऱ्या पानांवर, चिकटपट्टीनं जोडत. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजारी माणसाचं चिन्ह पेन्सिलीनं भरायचं, जगभर असंच काढतात. भावाच्या कागदात आणि यात फरक एवढाच की इथं दिल्या घरी गेलेल्या लेकीही लिहाव्या लागतात, त्यांची लेकरंही. अण्णांची एक बहीण हिंगोलीकडं दिली होती, तिचं नावसुद्धा आमच्यात कुणाला धड आठवत नव्हतं. तिच्या घरी जाऊन आले. तिचा नातू ओट्यावर बसला होता. खांदा उडत होता.

माझं वय ४७ आहे. मी अजून तपासणी केलेली नाही.

ज्यांच्या घरात वेडेपण, फिट, कंप, विसरभोळेपणा, 'बाहेरचं' असं काही दोन-तीन पिढ्यांत फिरत असेल त्यांनी इथं लिहावं. नावगाव नको.

---

बालाघाटी, अंबाजोगाई

ताई, दोनदा वाचलं. एकच विचारतो. आमच्याकडं म्हणतात असले आजार एक पिढी सोडून येतात. आजाला होता, बापाला नाही, म्हणजे आता नातवाला. असं असतं का?

---

पूर्णाकाठ

दादा, या आजारात असं नसतं. आई किंवा बापाकडून ते जनुक तुमच्यात आलंच नाही तर तुमच्यापाशी साखळी तुटली, तुमच्या लेकरांना धोका नाही. पिढी सोडल्यासारखं दिसतं कारण मधला माणूस आजार दिसायच्या आधीच गेलेला असतो. साप चावून, बाळंतपणात, विहिरीत. आमचा थोरला मामा निव्वळ रागीट म्हणूनच सगळ्यांच्या लक्षात आहे.

---

कपाशी, जालना

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, बारा वर्षं झाली. गोळ्यांवर ठीक आहे, दुकानात बसतो, हिशेब बिनचूक करतो. पण माझं जमलेलं लग्न त्याच्यामुळे मोडलं. मुलाकडचे म्हणाले, तुमच्या रक्तातच आहे. मला सांगा, असं रक्त तपासून कळतं का? मला माझं तपासून घ्यायचंय. कागद दाखवता आला तर बरं होईल असं वाटतं.

---

डॉ_मांजराकाठ, लातूर

मी मानसोपचार करतो. कपाशीताई, तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच.

पूर्णाकाठताईंच्या घरचा आजार एका जनुकाचा आहे. तिथं रक्ततपासणी हो किंवा नाही सांगू शकते. स्किझोफ्रेनियाचं तसं नाही. जगभरातल्या संशोधकांनी मिळून २०२२ साली ७६,००० च्या वर रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना केली, तेव्हा गुणसूत्रांवरच्या २८७ जागा सापडल्या. त्याच गटाच्या २०१४ च्या कामात त्या १०८ होत्या. एकेका जागेचा वाटा इतका बारीक की तुमच्याआमच्यात, कधी आजारी न पडलेल्या माणसांतही, त्यातल्या कित्येक असतात. काही दुर्मीळ दोषांचा परिणाम मोठा असतो, उदाहरणार्थ २२ व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडाच नसणं, पण ते मोजक्या रुग्णांत. म्हणून तुम्हाला हवाय तसा कागद कुठलीच प्रयोगशाळा देऊ शकत नाही. कुणी हजारो रुपये घेऊन देतो म्हणाला तर देऊ नका.

आकडे मात्र सांगता येतात. शंभरातल्या साधारण एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आई किंवा वडिलांना असेल तर शंभरात दहाच्या आसपास, सख्ख्या भावंडाला असेल तरी तेवढंच किंवा थोडं कमी. म्हणजे नव्वद जणांना होत नाही. हुबेहूब जुळ्यांत एकाला असला तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपासच आहे, आणि त्यांची जनुकं तर सारखीच असतात. 'रक्तातच आहे' म्हणून लग्न मोडणाऱ्याला हे सांगा.

आणखी एक. या मोठ्या अभ्यासांतले बहुतेक नमुने युरोपी वंशाच्या लोकांचे आहेत. आपल्याकडचे कमी. चेन्नईत डॉ. आर. थारा यांच्या स्कार्फ संस्थेनं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांबरोबर तमिळ कुटुंबांवर काम केलंय. बेंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार आणि मेंदूच्या आजारांच्या संस्थेत डॉ. संजीव जैन यांनी मनोविकार आणि चेतासंस्थेचे आजार या दोन्हींच्या आनुवंशिकतेवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या एका मोठ्या प्रकल्पात एकाच घरात एकापेक्षा जास्त रुग्ण असलेली कुटुंबं मुद्दाम शोधतात. स्किझोफ्रेनिया, बायपोलर (कधी अति उत्साह, कधी नैराश्य), ओसीडी (तेच ते विचार, तीच ती कृती), अल्झायमर्स आणि व्यसन, हे पाच आजार. रक्तातल्या पेशींपासून मूलपेशी तयार करून त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवतात आणि आजारी भाऊ व निरोगी भाऊ यांच्या पेशींत काय फरक आहे ते बघतात. तिथंही काम सुरू होतं ते 'घरात अजून कुणाला?' या एका प्रश्नानं. आणि आमच्या ओपीडीत त्या प्रश्नाला दहातले आठ जण मान हलवून नाही म्हणतात.

---

कपाशी

डॉक्टर, नव्वदचा आकडा वहीत लिहून घेतला. बाबांनाही वाचून दाखवला.

---

मानवतकर

आमच्या घरचं सांगतो. माझी धाकटी बहीण दहावीला ८० टक्क्यांची पोरगी. अकरावीत अक्षर बिघडलं. इतकं बारीक आणि वाकडं झालं की तिचं तिला वाचता येईना. मग तोंडातून लाळ, बोलणं बोबडं, चिडचिड, विनाकारण हसणं. वर्षभर आमच्या आज्जीनं दर अमावास्येला उतारा टाकला. एका डॉक्टरांनी नैराश्य म्हणून औषध दिलं. शेवटी नांदेडला एका मॅडमनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं, त्यांनी यंत्रातून बघितलं, बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडी. तांब्याची! शरीरातलं तांबं बाहेर पडत नाही, यकृतात आणि मेंदूत साठतं. विल्सनचा आजार. १९१२ साली किनिअर विल्सन यांनी याचं वर्णन केलं होतं, आणि त्याचं जनुक तेराव्या गुणसूत्रावर सापडलं तेही १९९३ मध्येच.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, आईवडील नात्यातले का? आईबाबा आत्ते-मामे भावंडं. आमच्याकडं मामाची पोरगी करायची रीतच आहे, तिला पहिला मान. बाबा त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं की दोष तुमचा नाही, दोघांकडं एकेक बिघडलेली प्रत होती, एका प्रतीनं काही होत नाही, दोन्ही बिघडलेल्या एकाच लेकरात आल्या की होतं. नात्यात लग्न झालं की तीच प्रत दोन्हीकडून यायची शक्यता वाढते. प्रत्येक लेकराला चारात एक. म्हणून माझीही तपासणी झाली, मला नाही.

हा आजार औषधानं आटोक्यात येतो, म्हणून मी इथं लिहायला बसलोय. पेनिसिलामिन, नंतर जस्ताच्या गोळ्या, जन्मभर. बहीण आता बी.एससी. करतेय. अक्षर पहिल्यासारखं आलं नाही, पण वाचता येतं. आणि तांब्याच्या हंड्यातलं पाणी बंद. आमच्या घरात रात्री तांब्याच्या तांब्यात भरून ठेवलेलं पाणी सकाळी उठून प्यायची चार पिढ्यांची सवय. चिंच लावून लख्ख घासलेले ते तांबे आईनं पोत्यात बांधून माळ्यावर टाकले, मोडीत द्यायला तिचं मन होईना. शेंगदाणेही जपून खायला सांगितले, आमच्या घरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी कसली! पण केलं.

घरात कोवळ्या पोराचं अक्षर बिघडलं, वागणं बदललं, कावीळ होऊन गेली असं काही असेल तर बाबाबुवांच्या आधी एकदा डोळे आणि रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, तपासून घ्या. आमचं एक वर्ष वाया गेलं.

---

डॉ_मांजराकाठ

मानवतकरांच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. भावंडांची तपासणी टाळू नका. लक्षणं दिसायच्या आधी उपचार सुरू झाले तर तो माणूस जवळजवळ निरोगी आयुष्य जगू शकतो.

---

नागझरी, धाराशिव

सगळ्यांना त्रास झालाय, मान्य. पण मला पूर्णाकाठ यांचं पटत नाही आणि ते स्पष्ट लिहितो. तुम्ही शिकलेल्या आहात, नोकरी आहे. खेड्यात वंशावळीत कुणाचा चौकोन काळा केला की भावकीतल्या सात पोरींची लग्नं अडतात. त्या पोरींना काही झालेलं नसतं, पुढंही होणार नसतं. तुमच्या मामींनी शपथ घातली ती वाईट बाई म्हणून नाही, लेकीची आई म्हणून घातली. कागदावर आलेली गोष्ट गावात फिरतेच. ज्या आजाराला औषध नाही तो कागदावर आणून कुणाचं भलं होणार?

---

पूर्णाकाठ

नागझरीदादा, मामींवर माझा राग नाही. त्या मामाला शेवटपर्यंत हातानं भरवत होत्या. तुम्ही म्हणता ती भीती खरी आहे, मी तिच्यातच वाढले. आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही हेही खरं.

पण ज्या मामेबहिणीसाठी मी खोटं बोलले तिचं लग्न झालं, तिला दोन लेकरं झाली, आणि ३९ व्या वर्षी तिची बोटं हलायला लागली. सासरच्यांनी फसवलं म्हणून माहेरी आणून सोडलं. नवरा वाईट नव्हता. तो मला म्हणाला, "ताई, आधी सांगितलं असतं तरी मी केलं असतं कदाचित. पण पोरं व्हायच्या आधी आम्ही दोघांनी विचार केला असता." त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आणि औषध नाही म्हणजे काहीच नाही असंही नाही. अंगाची हालचाल कमी करायला टेट्राबेनाझीन मिळतं. राग, नैराश्य, संशय, यांना औषधं आहेत. धाकट्या मामाला ती चालू केल्यावर तीन आठवड्यांत त्याची साखळी निघाली. त्यानंतर चार वर्षं तो ओसरीवर मोकळा बसला, नातवंडं त्याच्या अंगाखांद्यावर खेळली.

माझी वंशावळ कपाटात आहे, पत्र्याच्या पेटीत. फक्त ज्यांची नावं त्यात आहेत त्यांनाच दाखवते, तेही त्यांनी विचारलं तर.

---

नागझरी

पोरं व्हायच्या आधीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण गावाचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

---

बालाघाटी

ताई, एक विचारू का? तुम्ही स्वतः तपासणी का केली नाही? राग मानू नका.

---

पूर्णाकाठ

राग कसला. उत्तर मलाही रोज वेगळं सापडतं. दोनदा बॅग भरून ठेवली होती. मुलगी तेव्हा बारावीला होती, माझा निकाल म्हणजे अर्धा तिचाही निकाल. माझ्यात नसेल तर ती सुटली, असेल तर तिच्या डोक्यावर निम्मी टांगती तलवार. आता ती २१ ची आहे. तिनं मागच्या महिन्यात सांगितलं, "आई, तुला जाणून घ्यायचं असेल तर घे, पण मला सांगू नकोस. मी विचारीन तेव्हा सांग." मी दिवसातून एकदा तरी आरशासमोर जीभ बाहेर काढून दहा मोजते. काल मोजले. झाले दहा.

---

डॉ_मांजराकाठ

ताई, ते रोज मोजणं थांबवता आलं तर बघा. त्यानं कळत काही नाही, झिजायला मात्र होतं.

तपासणीचे नियम इथं लिहून ठेवतो. लक्षणं नसलेल्या माणसाची अशी तपासणी साध्या प्रयोगशाळेत चिठ्ठी देऊन करायची नसते. आधी समुपदेशन, एकापेक्षा जास्त वेळा. मग रक्त. मग निकाल समोरासमोर, बरोबर विश्वासाचं माणूस. रक्त दिल्यावरही 'मला निकाल नको' म्हणता येतं. १८ वर्षांखालच्या, लक्षणं नसलेल्या मुलांची ही तपासणी करत नाहीत. सासरच्यांनी किंवा मालकानं सांगितलं म्हणून तर मुळीच करत नाहीत. न जाणण्याचा हक्क हा जाणण्याच्या हक्काइतकाच खरा आहे, आणि हे वैद्यकशास्त्राला शिकवण्यात वेक्सलरबाईंचा वाटा मोठा आहे.

रुग्ण असलेल्यांसाठी : २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजारही आहे आणि चेतासंस्थेचे दीर्घकालीन आजारही. प्रमाणपत्र काढून घ्या. मनावर ताण असेल, मरणाचे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. हंटिंग्टनच्या घरांत आत्महत्येचं प्रमाण जास्त असतं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. ताईंच्या थोरल्या मामांबद्दल वाचताना तेच डोक्यात आलं.

---

उदगीरकर

मला वेगळंच खटकलं. त्या सरोवराकाठच्या लोकांनी रक्त दिलं, जगाला जनुक मिळालं. त्यांना काय मिळालं?

---

पूर्णाकाठ

हा प्रश्न मलाही टोचतो. वेक्सलरच्या गटानं तिथं औषधोपचार केले, माराकाइबोत रुग्णांसाठी सेवाघरही उभं राहिलं. पण ते पुढं बंद पडलं आणि त्या वस्त्या आजही गरीबच आहेत. २०१७ च्या मे महिन्यात दक्षिण अमेरिकेतल्या अशा काही कुटुंबांना पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये बोलावलं, जवळ घेतलं, आणि हा आजार आता लपवायचा नाही असं सगळ्यांसमोर म्हटलं. हे मोठंच. पण औषध त्यांच्या दारात पोचलं का, तर अजून कुणाच्याच दारात पोचलेलं नाही. एका औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये मध्येच थांबवावी लागली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मेंदूत सोडायच्या जनुक-उपचाराची बातमी आली, तीन वर्षांत आजाराचा वेग ७५ टक्के कमी झाला म्हणे. पण मोठा डोस मिळून तीन वर्षं पुरी झालेले त्यात फक्त १२ जण होते. ती बातमी मी मामेबहिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बारात आपला नंबर कधी लागायचा ग?"

---

उदगीरकर

बेंगळुरूला निम्हान्समध्ये जायचं ज्यांच्या मनात असेल त्यांच्यासाठी : नांदेडहून थेट गाडी आहे, परभणी, परळी, उदगीर, बीदरवरून. गाडीत बसायच्या आधी जुने सगळे कागद एका पिशवीत घाला, आणि हलणाऱ्या माणसाचा घरच्या घरी काढलेला व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा. काकांना नेलं होतं, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग झाला. वंशावळ मात्र आम्ही नेली नव्हती. तिथं बसून फोन करकरून विचारावी लागली.

---

गोदा_०७

आजच खातं उघडलं, फक्त या धाग्यासाठी. वडिलांचं निदान मागच्या आठवड्यात झालं, हंटिंग्टनच. मी एकटाच मुलगा. बाकी सगळं नंतर विचारीन. आत्ता आई विचारायलीय की जेवताना फार ठसका लागतोय, ताट हलतं, अर्धं सांडतं, वजन उतरत चाललंय. काय करावं?

---

पूर्णाकाठ

दादा, आईला सांगा की ताट नको, खोलगट जड काठवट घ्या आणि खाली ओलं फडकं पसरा, सरकत नाही. भाकरी दुधात किंवा वरणात पूर्ण मऊ होईपर्यंत कुस्करा. नुसतं पाणी जास्त ठसकतं, त्यापेक्षा ज्वारीची आंबील जरा दाट करून द्या. पेला अर्धाच भरा. हनुवटी थोडी खाली घेऊन गिळायला सांगा. जेवताना टीव्ही बंद, कुणी बोलायचं नाही, त्यांनाही बोलायला लावायचं नाही. अंग सारखं हलत असल्यानं त्यांना आपल्यापेक्षा जास्त खायला लागतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, तूप घालून. माझी आई शेवटच्या वर्षी शिऱ्यावर राहिली.

जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. ठसक्यानंतर ताप आला तर लगेच दवाखाना, वाट बघू नका.

माझा नंबर तुम्हाला निरोपात पाठवलाय. शाळा साडेचारला सुटते, त्यानंतर केव्हाही फोन करा. आईलाच बोलू द्या माझ्याशी.